सरिताने सोडलेली जागा

माझे वडील वर्गात सगळ्यांवर ओरडत. सिल्वासाच्या शाळेत ते जीवशास्त्र शिकवायचे. मूळचे चिपळूणचे, नोकरीसाठी इथे आले आणि इथेच राहिले. बेडकाचं पोट वाकडं उघडलं तरी ओरडत, सरळ उघडून नावं चुकली तरी ओरडत. मी घरचीच, म्हणून माझ्यावर जरा जास्त. फक्त सरिता सोनवणेवर त्यांचा आवाज कधी चढला नाही. तिच्या टेबलापाशी हात मागे बांधून ते उभे राहायचे आणि आम्हा बाकीच्यांना सांगायचे, "हात बघा हिचा. जरा तरी हलतोय का?"

सरिता आणि मी पाचवीपासून एका बाकावर. तिचे वडील चिंधाकाका धुळे जिल्ह्यातले, साक्रीकडचे. सिल्वासात कारखाने उभे राहायला लागले तेव्हा ते सुताच्या एका कारखान्यात लागले आणि वर्षभराने बायकामुलांना घेऊन आले. गावातल्याच आमली भागात पत्र्याच्या चाळीत एक खोली. तीत चिंधाकाका, सरिताची आई केसरबाई, थोरला भाऊ नवनाथ आणि ती.

सरिताला वेड अक्षरांचं. शाळेचा सुविचाराचा फळा तीच लिहायची, आणि सुविचार काय होता ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही तरी अक्षर राहायचं. गावात पाट्या गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा सगळ्या भाषांत. बसची वाट बघताना ती त्यांच्यात चुका काढायची. शुद्धलेखनाच्या नव्हे. "हा 'क' बघ, आत्ता पडेल." "शेवटची तीन अक्षरं बघ कशी कोंबलीत. पेंटरला आधी मापच घेता आलं नाही." मी हसायचे. ती हसायची नाही, तिला खरंच राग यायचा. चाळीच्या गणपतीचा फलक दरवर्षी तिचा असायचा, आणि तो बघून बायका म्हणायच्या, पोरीचं अक्षर छान आहे हो. त्यापुढे कुणी काही म्हटलं नाही.

ती डॉक्टर होणार हे ठरलं आमच्या घरात. दहावीचा निकाल लागला आणि बाबांनी चिंधाकाकांना बोलावून घेतलं. खुर्चीवर बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. बाबांनी त्यांना समजावलं की आपल्या केंद्रशासित प्रदेशात मेडिकल कॉलेज नाही, पण बाहेरच्या कॉलेजांत इथल्या मुलांसाठी थोड्या जागा ठेवलेल्या असतात. हिला सायन्सला घाला, बायोलॉजी द्या, मी स्वतः शिकवतो, एक जागा हिची. चिंधाकाकांनी टोपी काढली, परत घातली. सरिता माझ्याजवळ सतरंजीवर बसली होती. तिला कुणी विचारलं नाही. ती स्वतःहूनही काही बोलली नाही. दोन मोठी माणसं आपल्याबद्दल इतकं चांगलं बोलत असताना सोळा वर्षांची मुलगी मध्ये काय बोलणार?

अकरावीत असताना, दिवाळीनंतर, नवनाथचा हात गेला.

नवनाथ विशीतला. पिपरियातल्या प्लॅस्टिकच्या एका कारखान्यात बादल्यांच्या मशीनवर होता. एक बादली साच्याला चिकटून बसली, ती ओढायला त्याने हात घातला आणि साचा मिटला. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

आठवड्याने सरिता त्याचा डबा आणि शर्ट आणायला कारखान्यात गेली. सोबत मी होते. सुपरवायझरने डबा दिला, शर्ट काही सापडला नाही. मग आम्ही न विचारताच त्याने मशीनकडे हात केला.

"बोर्ड लगा है. देख लो. कंपनी की गलती नहीं है."

बोर्ड होता. साचा मिटताना हात आत घालू नये, असं त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं.

"यहाँ इंग्लिश कितने लोगों को आती है?" सरिताने विचारलं.

"नहीं आती तो पूछना चाहिए था."

डबा छातीशी धरून ती बाहेर रस्त्याला लागली. मग म्हणाली, "श्रुती, अक्षरं बघितलीस? शर्टाच्या बटणाएवढी. लाल मशीनवर तांबडा रंग. हा बोर्ड माणसांनी वाचावा म्हणून लावलेलाच नाही. नंतर दाखवता यावा म्हणून लावलाय."

कंपनीच्या कागदांत निष्काळजीपणा नवनाथचा ठरला. कामावरून तो गेलाच.

त्यानंतर सरिताच्या डॉक्टर होण्याला नवसाचं रूप आलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, नवनाथचं ड्रेसिंग चालू असताना, चिंधाकाका येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या अहिराणीत सांगायचे, "मनी पोर डॉक्टर व्हई. मंग आम्हले कोनी असं ताटकळत ठेवाव नही." त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. तासन्‌तास बाकावर बसवून ठेवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण त्या दिवसापासून सरिता घरात कागदावर पेन्सिल टेकवून बसली की ते विचारायचे, "हे अभ्यासनं शे का?"

शाळेत चित्रकलेला सुनंदा मॅडम होत्या. बारावीत असताना सरिताने त्यांना एकदा गाठलं आणि विचारलं, अक्षरं काढायचं, सूचनांचे फलक करायचं, हे कुठे शिकवतात का? मॅडम कपाटाला कुलूप लावत होत्या. म्हणाल्या, "शिकवतात की. उपयोजित कला म्हणतात त्याला. जाहिराती, वेष्टणं, फलक, पुस्तकांची मुखपृष्ठं, सगळं येतं. नाशिकला आहे, बडोद्याला आहे. मीही तेच शिकले आणि आता तुम्हाला फुलदाणी काढायला लावते. सायन्स सोडू नकोस."

बाहेर येऊन सरिता भडकली. "स्वतः हरली, म्हणून मलाही आधीच हरवून ठेवते." पण शब्द तिने पकडून ठेवला होता. उपयोजित कला. दोन-तीनदा तो तिने हवेत बोटाने लिहिला.

बारावी झाल्यावर आम्ही दोघी बडोद्याला गेलो, तिच्या कलेच्या प्रवेशपरीक्षेला. घरी तिने फक्त केसरबाईला सांगितलं होतं. केसरबाई तेव्हा एका कारखान्यात पॅकिंगला जायची. तिने भाकरी बांधून दिली आणि नवऱ्याला सांगितलं, पोरगी श्रुतीबरोबर कॉलेजं बघायला गेली. ते खोटंही नव्हतं.

दोन्ही निकाल एकाच महिन्यात आले. बडोद्याला तिचं नाव लागलं. आणि मेडिकलच्या जागांच्या यादीतही लागलं. चाळीने तिला हार घातला. माझ्या बाबांनी स्वतः पेढे आणले आणि शिक्षकांच्या खोलीत स्वतःच्या हाताने वाटले. माझ्या निकालाला त्यांनी असं काही केलं नव्हतं, पण त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. मला भीती वाटत होती ती वेगळीच, कारण मला माहीत होतं सरिता काय करणार आहे.

ती मेडिकल प्रवेशाच्या कार्यालयात गेली आणि जागा नको असल्याचा अर्ज टेबलावर ठेवला. कारकुनाने तो वाचला, उलटा करून मागून बघितला आणि म्हणाला, "डोकं ठिकाणावर आहे का? वडिलांना घेऊन ये. त्यांची सही लागेल."

"मी अठरा वर्षांची आहे."

"असशील. पण वडिलांची सही पाहिजे."

"डॉक्टर व्हायला माझी सही चालली. न व्हायला वडिलांची लागते?"

कारकुनाने अर्ज परत सरकवला. तिने तो पुन्हा त्याच्यापुढे ठेवला. त्याने फाईल उघडून तिच्याकडे बघायचं बंद केलं. मग ती समोरच्या बाकावर बसली आणि कार्यालय बंद होईपर्यंत उठली नाही. दुसऱ्या दिवशी उघडायच्या आधीच दाराशी हजर. शेवटी आतले साहेब बाहेर आले, काय प्रकार आहे विचारलं, आणि वैतागून अर्ज घेतला. संध्याकाळच्या आत बाबांना बातमी लागली. कारकून त्यांना पानाच्या टपरीवर भेटला होता. कसले गुरुजी तुम्ही, असं काहीतरी तो म्हणाला असणार, कारण बाबा घरी आले ते चपला न काढताच परत निघाले. मी त्यांच्या मागे गेले.

चाळीतल्या त्या खोलीत बाबा पहिल्यांदाच येत होते. केसरबाईने घाईने चटई टाकली. ते बसले नाहीत.

"चित्रं?" ते ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा सरितावर ओरडले. "दोन वर्षं मी तुझ्यामागे घालवली ती चित्रं काढायला? अख्ख्या प्रदेशाला मूठभर जागा, त्यातली एक फुकट घालवलीस. लाज वाटायला हवी."

शेजारपाजारची माणसं दारात जमली. चिंधाकाकांना हे सगळं तेव्हाच कळत होतं. ते आधी बाबांकडे, मग मुलीकडे बघत राहिले आणि त्यांना अर्थ लागला तेव्हा त्यांचा आवाजच बदलला.

"तुना भाऊना हात गया," ते म्हणाले, "आनि तू चित्रं काढशी?"

"त्या हातासाठीच जातेय, बाबा," सरिता म्हणाली. तीही आता चढल्या आवाजात बोलत होती. "डॉक्टर काय करतो? बोटं गेल्यावर टाके घालतो. तो बोर्ड नीट असता, दादाला कळेल असा असता, तर टाके घालायची वेळच..."

"बस कर."

कोपऱ्यातल्या बाजेवरून नवनाथ बोलला होता. अपघातानंतर तो फारसा बोलायचा नाही, त्यामुळे सगळे त्याच्याकडे वळले.

"बाबा म्हणतात माझ्या हातासाठी तू डॉक्टर हो. तू म्हणतेस माझ्या हातासाठी तू बोर्ड काढणार. मला कुणी विचारलं? माझा हात तुमच्या भांडणात वापरायला ठेवलाय का? तुला चित्रं काढायची आहेत तर काढायची आहेत म्हण. माझ्या नावावर खपवू नको."

सरिताचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं ती आता रडेल. पण ती रडली नाही. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बरं. मला आवडतं म्हणून जातेय. दुसरं काही कारण नाही. मला अक्षरं आवडतात आणि डॉक्टरकी आवडत नाही." मग माझ्या बाबांकडे वळली. "सर, बेडूक कापताना माझा हात हलत नाही म्हणून तुम्ही ठरवलंत. पण हात हलत नाही, कारण मला त्यात काही वाटतच नाही. चांगली रेघ मारताना माझा हात हलतो."

बाबा वळले आणि निघाले. वाटेत मी त्यांना म्हटलं, जागा फुकट कशी जाईल, यादीतल्या पुढच्याला मिळेल. त्यांनी मला गप्प बस म्हटलं. ती जागा दादऱ्याच्या एका मुलाला मिळाली आणि तो पुढे डोळ्यांचा डॉक्टर झाला, चांगला डॉक्टर झाला. तरीही बाबा निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नव्या वर्गाला सरिताची गोष्ट सांगत आले, जागा फुकट घालवणाऱ्या मुलीची. त्या डॉक्टरकडून स्वतःच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतल्यावरही सांगत होते. याचा मला आजही राग येतो.

चिंधाकाकांनी बोलणं टाकलं. सरिता निघाली त्या सकाळी ते लवकर ड्युटीला गेले. केसरबाई बस थांब्यापर्यंत आली. "जाय," ती म्हणाली. "पन रडत येऊ नको."

बडोद्याची वर्षं सोपी गेली नाहीत. वर्गातली बरीच मुलं अशा घरांतून आलेली, जिथे भिंतीवर चित्रं असतात. ती मुलं अत्तराच्या खोक्यांची नक्षी करायची. सरिताने पहिल्या वर्षी केलेलं सगळं काम काळं, जाड आणि दणदणीत. एक शिक्षक तिला म्हणाले, "तुझी अक्षरं भांडायला आल्यासारखी दिसतात. जरा हसू दे त्यांना." तिने मला पत्रात लिहिलं होतं, धोक्याची पाटी हसतच राहिली तर तिच्याकडे कोण लक्ष देईल? पण ती तिथे टिकली आणि शिकलीही. अक्षरांइतकीच त्यांच्यामधली रिकामी जागा महत्त्वाची असते, हे ती तिथे शिकली. राग मात्र तिने कुणाला कमी करू दिला नाही.

शहाण्णव साली ती परत आली. वडील बोलत नव्हते, म्हणून घरी राहिली नाही. आमलीतच सायकलच्या दुकानावर एक खोली घेतली आणि दाराला स्वतःच्या नावाची पाटी लावली. काम मिळायचं ते बादल्यांवरच्या लेबलांचं, सुताच्या खोक्यांवरच्या छापाचं. सुरक्षेचे फलक करू का, असं ती प्रत्येक ठिकाणी विचारायची. मॅनेजर हसायचे. एकजण म्हणाला, फलक आहेत की, तपासणीला येणारे वाचतात.

मग मसाटच्या एका कारखान्याने बोलावलं. तपासणी जवळ आली होती, त्यांना घाईने काही फलक हवे होते. सरिताने अट घातली, आधी कामगारांना दाखवीन. पाळी बदलायच्या वेळी ती फाटकाशी जमिनीवर बसली आणि पहिलं चित्र पुढे ठेवलं. दोन साच्यांच्या मध्ये हात आणि त्यावर मोठी लाल फुली. साक्री-नंदुरबारकडची माणसं होती, इथल्याच खानवेल-सुरंगीकडची होती. बघून एक बाई म्हणाली, "चोरी करू नका, असं आहे ना? मालाला हात लावायचा नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांनाही तेच वाटलं होतं.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली तेव्हा स्वतःवरच चिडलेली होती. "पाच वर्षं शिकून मी कामगारांना चोर म्हणणारी पाटी काढली." फुली तिने टाकून दिली. नवी चित्रं जोडीने केली. पहिल्यात साचा उघडा आहे आणि हात आत चाललाय, दुसऱ्यात साचा मिटलाय आणि हाताचं काय झालंय ते दाखवलंय. रक्तासकट. ते कळायला कुणाला विचारावं लागलं नाही.

फलक लागले, तपासणी झाली, आणि महिन्याभरात फलक उतरले. परदेशी गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं. सरिता मॅनेजरकडे गेली.

"आप आर्टिस्ट हैं, समझिए," तो म्हणाला. "दीवार पे खून अच्छा नहीं लगता."

"मशीन पे अच्छा लगता है?"

त्याने वॉचमनला बोलावलं. सरिता तिथून उठली, सरळ गोदामात गेली, भिंतीला टेकवून ठेवलेले आपले फलक उचलले आणि फाटकातून बाहेर आली. वॉचमन नुसता मागे चालत राहिला. फाटकासमोर दुर्गाबाईची चहाची टपरी होती. कारखान्यात येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिथे थांबायचा. सरिताने विचारलं, इथे लावू का? दुर्गाबाईने चित्र बघितलं आणि खिळे कुठे आहेत ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने माणूस पाठवला, काढा म्हणून. दुर्गाबाई म्हणाली, "भिंत माझी आहे. साहेबांना म्हणावं, चहा प्यायचा असेल तर या." फलक तिथेच राहिले. येता-जाता माणसं ते बघायची, नवीन लागलेल्या पोरांना जुनी माणसं दाखवायची.

सरिताला त्याची किंमत मोजावी लागली. त्या कारखान्याने इतरांना कळवलं, ही बाई भांडखोर आहे. वर्षभर तिला कुणी लेबलाचंही काम दिलं नाही. लग्नपत्रिका आणि ट्रकच्या नंबरपाट्या करून तिने दिवस काढले. आणि मग त्याच कारखान्याने आत नवे फलक लावले, चित्रांचे, हिंदी-गुजराती ओळींसकट. तिला विचारलं नाही, सांगितलं नाही. तिच्याच चित्राची कुणीतरी भराभर नक्कल केली होती. दुर्गाबाईने निरोप धाडला म्हणून आम्ही बघायला गेलो, फाटकातून दिसत होते. सरिता जाळीला नाक लावून उभी राहिली.

"चोरायचं तर नीट तरी चोरावं," ती म्हणाली. "हाताला सहा बोटं काढलीत."

पुढच्या उन्हाळ्यात साक्रीजवळ तिच्या चुलतभावाचं लग्न होतं. सरिता गेली, मलाही नेलं. चिंधाकाका मांडवात पाहुण्यांमध्ये बसले होते. मुलगी काय करते, असं कुणीतरी विचारलं, आणि आम्ही दोघी मागे उभ्या आहोत हे त्यांना माहीत नव्हतं.

"डॉक्टरनी लाईनमा व्हती ती," ते म्हणाले. "पन नशीब नही. ऱ्हाई गयं."

सरिता पुढे झाली. मी तिचा हात धरला होता तो तिने सोडवला.

"राहून गेलं नाही," ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "नशिबाचा काही संबंध नाही. माझा नंबर लागला होता आणि मी नको म्हटलं. मी स्वतः सोडलं, बाबा. निदान तेवढं तरी माझ्या नावावर राहू द्या."

चिंधाकाका उठले आणि मांडवाबाहेर गेले. बायका कुजबुजल्या. केसरबाईने सरिताच्या पुढ्यात जेवणाचं ताट ठेवलं आणि स्वतः तिच्या बाजूला बसली. सरिता सगळं जेवली, सावकाश.

परतीची एसटी एकच होती. बाप पुढे बसला, लेक मागे. नाशिकला गाडी थांबली तेव्हा चिंधाकाका उतरले, चहा घेतला आणि स्टँडवर एकटेच पीत उभे राहिले. सरिता उतरली, तिने आपला आणि माझा चहा घेतला. दोघांमध्ये चार पावलांचं अंतर असेल. कंडक्टरने घंटी दिली आणि दोघं आपापल्या जागी येऊन बसले.

ते अजूनही तिच्याशी फारसे बोलत नाहीत. पण चाळीत आता कुणी चिंधाकाकांना विचारलं की मुलीचं काय चाललंय, तर ते नशिबाचं नाव काढत नाहीत. तंबाखू मळता मळता सायकलच्या दुकानाच्या दिशेने मान हलवतात आणि म्हणतात, "ती वर बसेल शे. तिलेच इचारा."